लॅपटॉपला जोडलेला डीव्हीडी ड्राइव्ह का अडखळतो?

ताईच्या लग्नाची डीव्हीडी २००६ सालची. दिवाळीत सगळे जमल्यावर आईने ती कपाटातून काढली, आणि घरात ती लावायला काहीच उरलेलं नाही हे तेव्हा लक्षात आलं. जुना प्लेअर भंगारात गेलेला, नव्या लॅपटॉपला सीडी घालायची सोयच नाही. शेजारच्या काकांकडून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मागून आणला. वायर खोचली, डिस्क बसवली. घर्रर्र, मग टक्. पुन्हा घर्रर्र, पुन्हा टक्. स्क्रीनवर काही नाही. "एवढी वर्षं झाली, गेली असणार," म्हणत आई ती परत पाकिटात घालायला निघाली.

डिस्कला काहीही झालं नव्हतं. ड्राइव्हला वीज पुरत नव्हती.

यूएसबीच्या वायरीतून माहिती जाते आणि वीजही. माहितीच्या बाबतीत डीव्हीडीची गरज अगदी थोडी: चित्र आणि आवाज मिळून सेकंदाला जास्तीत जास्त १० मेगाबिटच्या आसपास. जुन्या यूएसबी २ ची क्षमता ४८० मेगाबिट आहे. वीज मात्र मोजूनमापून मिळते. यूएसबी २ मध्ये ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अडीच वॉट. यूएसबी ३ मध्ये ९०० मिलिअँपिअर, म्हणजे साडेचार वॉट. विहिरीवरचा पंप सुरू होताना घरातला दिवा क्षणभर मंदावतो ना, तसंच इथे होतं. थांबलेली मोटर फिरायला लागते तेव्हाच ती सगळ्यात जास्त वीज ओढते. ती मिळाली नाही की मोटर दम धरत नाही, ड्राइव्ह पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो, आणि तो टक् आवाज येत राहतो. आम्ही ड्राइव्ह एका हबला, म्हणजे एका पोर्टची अनेक पोर्ट करणाऱ्या डबीला लावला होता, आणि त्याच हबवर माउस आणि पेन ड्राइव्हही होते. तो काढून थेट लॅपटॉपच्या यूएसबी ३ पोर्टला लावला, आणि डिस्क फिरायला लागली. काही ड्राइव्हबरोबर दोन यूएसबी पिनांची वायर येते ती याचसाठी. दुसरी पिन फक्त जास्तीची वीज घ्यायला असते.

आत काय चालतं ते पाहिलं तर ही छोटीशी डबी किती नाजूक काम करते ते कळतं. डिस्कवर एकच सलग सर्पिल रेघ असते, आतून बाहेर जाणारी. दोन वेढ्यांमधलं अंतर ०.७४ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी. ही रेघ उलगडून सरळ केली तर एका थराची लांबी जवळपास १२ किलोमीटर भरेल! ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल लेसर त्या रेघेवर नेमका धरून ठेवायचा, आणि तोही जराशी डुगडुगत फिरणाऱ्या प्लॅस्टिकवर. त्यासाठी भिंग चुंबक आणि तारेच्या वेटोळ्याच्या आधारे तरंगत ठेवलेलं असतं आणि सेकंदाला कितीतरी वेळा वर-खाली, डावी-उजवीकडे हलत असतं. म्हणून सिनेमा चालू असताना ड्राइव्ह मांडीवर किंवा गादीवर ठेवू नये. टेबलावर सपाट ठेवावा.

ओरखडे दिसले की आपण घाबरतो. पण डीव्हीडीची माहिती वरच्या पृष्ठभागावर नसते, ०.६ मिलिमीटर आत असते. लेसरचा ठिपका माहितीच्या थरावर एका मायक्रॉनपेक्षाही लहान असतो, पण पृष्ठभागातून आत शिरताना तो अर्ध्या मिलिमीटरएवढा पसरलेला असतो. खिडकीच्या जाळीला डोळा लावून अंगणातलं झाड पाहिलं की जाळी पुसट होते, तसा बारीक ओरखडा लेसरला जवळपास दिसतच नाही. त्यातूनही माहिती तुटलीच, तर सोबत लिहिलेल्या जादा अंकांवरून गणिताने ती भरून काढली जाते. पुसताना मात्र मधून कडेकडे सरळ पुसावं, गोल गोल नव्हे. रेघेच्या दिशेने पडलेला ओरखडा सलग माहिती खातो आणि तिथे गणितही हरतं.

विकतच्या सिनेमांचा आणखी एक अडथळा असतो, प्रांताचा. डीव्हीडीसाठी जगाचे विभाग पाडलेले आहेत: भारत पाचव्या विभागात, अमेरिका पहिल्यात, ब्रिटन दुसऱ्यात. अमेरिकेतल्या भावाने तिथून आणलेली डिस्क इथल्या ड्राइव्हवर अडते ती यामुळे. ड्राइव्हचा विभाग बदलता येतो, पण फक्त पाच वेळा. नंतर तो कायमचा ठरतो. शिवाय विंडोज ८ पासून डीव्हीडी चालवायची सोय विंडोजसोबत येत नाही. व्हीएलसी हा मोफत प्लेअर घातला की ते काम होतं. सिनेमाच्या मध्यावर चित्र क्षणभर थबकलं तर काळजी नको. काही डिस्कमध्ये माहितीचे दोन थर असतात, आणि तेव्हा लेसर पहिल्या थरावरून दुसऱ्यावर जात असतो.

लग्नाच्या डिस्कवर विभागाची किंवा नक्कल रोखणाऱ्या कुलपाची भानगड नसते, पण तिची चिंता वेगळी. कंपनीच्या सिनेमात माहितीचे बारीक खड्डे साच्यातून उठवलेले असतात. फोटोग्राफरने लिहून दिलेल्या डिस्कमध्ये लेसरने रंगद्रव्यावर खुणा केलेल्या असतात, आणि ऊन, उष्णता, दमटपणा यांनी ते रंगद्रव्य हळूहळू बिघडतं. आपल्या कोकणातल्या पावसाळ्यात तर फारच. म्हणून ती पाहण्याआधी आम्ही तिच्यातलं 'व्हिडिओ टीएस' हे चित्र-आवाज असलेलं फोल्डर जसंच्या तसं लॅपटॉपवर उतरवलं, मग एका हार्ड डिस्कवरही. एके ठिकाणी हिरवी पट्टी पुढे सरकेना. ड्राइव्हचा आवाज बारीक झाला, वेग उतरवून तो तीच जागा पुन्हा पुन्हा वाचत होता. आई पदर हातात धरून पाहत उभी. मग पट्टी सरकली. नंतर लावून पाहिलं तेव्हा कळलं, ती मंगलाष्टकांची जागा होती, आणि आजोबांचा आवाज अख्खा आला होता.