रूळ एकच, डबे तीन

गेल्या महिन्यात जुळे सोलापुरातला एक पोरगा चपलेच्या खोक्यात डबा घेऊन घरी आला. मॉडेल रेल्वेचा, स्टायरीनच्या म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या शीटमधून कापलेला स्लीपरचा डबा. खिडक्यांचे गज, पायऱ्या, छतावरचे व्हेंटिलेटर, सगळं हातानं केलेलं. काम इतकं नेटकं की माझा पहिला डबा आठवून मलाच लाज वाटली. "एचओ गेजचा आहे काका," म्हणाला.

मी तो माझ्या रुळावर ठेवला. चाकं चपखल बसली. मग पुढे इंजिन लावलं, आणि आईचं बोट धरून शाळेत निघालेलं पोर दिसावं तसा तो डबा दिसायला लागला.

"हिशेब करूनच केलोय की," म्हणत त्यानं वही उघडली. खरा रूळ १६७६ मिमी, मॉडेलचा रूळ १६.५ मिमी. भागाकार १०१.६. मग डब्याचं प्रत्येक माप १०१.६ ने भागलेलं. भागाकारात एक चूक नव्हती. त्यानं रुळाला विचारलं होतं की डबा केवढा करू, आणि रुळाला ते माहीत नसतं.

हा गोंधळ मी इतक्या वेळा पाहिलाय की 'एचओ गेज' हे शब्द कानावर पडले की दाढ ठणकते. एचओ हे स्केल आहे. गेज १६.५ मिमी आहे. दोन्ही एकाच खोक्यावर छापलेले असतात म्हणून ते एक होत नाहीत.

गेज म्हणजे काय ते सोलापूरकराला शिकवत बसत नाही. आपल्या जिल्ह्यानं तिन्ही गेज पाहिलेत. १८६० साली आलेली मोठी लाईन १६७६ मिमीची, म्हणजे साडेपाच फुटी. होटगीहून विजापूर-गदगकडे जाणारी मीटरगेज १००० मिमीची. आणि कुर्डुवाडीची बार्शी लाईट ७६२ मिमीची, म्हणजे अडीच फुटी. आजोबांच्या पिढीनं बोचकी डोक्यावर घेऊन होटगीला आणि कुर्डुवाडीला गाड्या बदलल्यात. दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर ते गेज. झालं.

स्केल समजायला गुणोत्तरं बाजूला ठेवा आणि फुटपट्टी घ्या. खऱ्या एका फुटाला मॉडेलमध्ये किती मिलिमीटर, एवढाच प्रश्न आहे. एचओमध्ये साडेतीन. ओओ या ब्रिटिश स्केलमध्ये चार. तेच गुणोत्तरात लिहिलं की १:८७ आणि १:७६ होतं. मी वर्कबेंचवर गुणोत्तर कधीच वापरत नाही, कारण आयसीएफचा, म्हणजे आपल्या जुन्या पद्धतीचा डबा फुटांत फार सोपा पडतो. बॉडीची लांबी २१,३३७ मिमी, म्हणजे ७० फूट. एचओमध्ये ७० गुणिले साडेतीन, २४५ मिमी. ओओमध्ये ७० गुणिले चार, २८० मिमी. बोगीच्या, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्याच्या, दोन ॲक्सलमधलं अंतर २८९६ मिमी, म्हणजे साडेनऊ फूट: एचओत ३३.२५, ओओत ३८. कॅल्क्युलेटर लागत नाही.

आता गंमत अशी की २४५ चा डबा आणि २८० चा डबा, दोन्ही १६.५ मिमीच्याच रुळावर धावतात. सगळा घोळ इथून सुरू होतो. युरोपातला स्टँडर्ड गेज १४३५ मिमीचा. साडेतीन मिमीच्या हिशेबानं तो बरोबर १६.५ येतो, म्हणून एचओचा रूळ १६.५ चा. त्यात लबाडी काही नाही. ब्रिटनमधली खरी इंजिनं मात्र अंगानं लहान, आणि त्या काळच्या मोटारी मोठ्या. एचओच्या मापात मोटार मावेना. मग त्यांनी बॉडी फुटाला चार मिमी केली आणि रूळ होता तोच ठेवला. त्याचं नाव ओओ. त्या रुळाचं माप ओओच्या पट्टीनं उलटं काढलं तर चार फूट दीड इंचाच्या आसपास येतं, जे ब्रिटनच्या मुख्य लाईनवर कुठेच नाही. म्हणजे ज्या जोडीवर लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात, तिथेच स्केल आणि गेजचा काडीमोड झालेला आहे.

मागावर पाहिलं असेल तर हे चटकन कळेल. मागाचा पन्हा ठरलेला असतो. त्या पन्ह्यात मोर केवढा काढायचा ते नक्षी काढणारा ठरवतो, आणि मोर मोठा काढला म्हणून माग रुंद होत नाही. १६.५ हा पन्हा आहे.

"पण काका, फरक तो केवढा? साडेतीन आणि चार." हे पण हमखास ऐकायला मिळतं. साडेतीनाचे चार म्हणजे प्रत्येक बाजूला सातवा हिस्सा जास्त. लांबीला, रुंदीला आणि उंचीलाही. तिन्हींचा गुणाकार केला की ओओचा डबा एचओच्या डब्याच्या जवळपास दीडपट आकारमानाचा निघतो. डोळा लांबी मोजत नाही, अख्खं आकारमान मोजतो. आयसीएफची रुळापासून छतापर्यंतची उंची एचओत ४६ मिमी, ओओत जवळजवळ ५३. एचओच्या इंजिनामागे ओओचा डबा लावला की छताची रेघ एकदम पायरी चढते. मी स्वतः हे केलंय. पहिला डबा एका ब्रिटिश पद्धतीच्या ड्रॉइंगवरून २८० चा कापला, दोन महिने घातले, पिवळा पट्टासुद्धा मास्किंग टेप लावून मारला, आणि मग त्याच्यापुढे एचओचं इंजिन उभं केलं. म्हशीपुढे रेडकू. तो डबा अजून कपाटावर आहे, बायको त्यात सुईदोरा ठेवते.

त्यात आणखी एक फसगत. एलएचबीची, म्हणजे नव्या पद्धतीच्या डब्याची बॉडी २३,५४० मिमीची, ती एचओत २७० मिमी भरते. मग एचओचा एलएचबी आणि ओओचा आयसीएफ नुसत्या लांबीवरून एकाच मापाचे वाटतात. संशय आला तर लांबी मोजू नका, रुंदी मोजा. दोन्हींची खरी रुंदी जवळपास सारखीच, सव्वातीन मीटरच्या आत. मॉडेल ३७ मिमी रुंद असेल तर एचओ, साडेबेचाळीस असेल तर ओओ.

आता आपल्या साडेपाच फुटी रुळाचं काय? एचओत तो १९.२५ मिमी हवा, ओओत २२. बाजारात मिळतो १६.५. म्हणजे भारतीय ब्रॉडगेजचं मॉडेल करणारा पहिल्या दिवसापासून तडजोडीत आहे: एचओत पावणेतीन मिमीची, ओओत साडेपाच मिमीची. भारतीय डब्यासाठी ओओ घेऊच नये असं मी ठामपणे म्हणतो ते याच कारणासाठी. तिथे मोठा डबा अरुंद रुळावर उभा राहतो, आणि समोरून पाहिलं की हत्ती स्टुलावर चढवलाय असं वाटतं.

आणि त्या पोराच्या हिशेबाचं? तो काही हवेतला नव्हता. १०१.६ म्हणजे फुटाला बरोबर तीन मिमी. साडेपाच फूट गुणिले तीन, साडेसोळा. १६.५ च्या रुळावर भारतीय ब्रॉडगेज शंभर टक्के खरा हवा असेल तर डबा तीन मिमीच्या पट्टीनंच करावा लागतो, आणि तो २१० मिमीचाच येतो. ब्रिटनमधलं जुनं टीटी याच तीन मिमीच्या स्केलचं, फक्त त्यांचा रूळ १२ मिमीचा. पोरानं नकळत एक जुनं, प्रतिष्ठित स्केल गाठलं होतं. अडचण एवढीच की त्या मापाचं इंजिन, चाकं, कपलिंग, माणसं, सिग्नल, सगळं त्यालाच करावं लागणार. त्याची ही तयारी नव्हती. त्याला एचओच्या इंजिनामागे डबा ओढायचा होता.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी स्केल ठरवा, मग त्या पट्टीनं बॉडी, दरवाजे, खिडक्या, चाकं सगळं कापा, आणि शेवटी रुळापाशी येऊन काय तडजोड होते ते पाहा. रुळापासून सुरुवात करून वर चढलात की प्रत्येक माप रुळाचं ओझं वाहतं.

ही तडजोड लपवताही येते, आणि याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. बहुतेक जण १६.५ ची तयार बोगी घेतात आणि तशीच खाली लावतात. मग रुंद डब्याखाली बोगी आत ओढलेली दिसते, पोट पुढे आणि पाय आत. माझी पद्धत वेगळी. ॲक्सल आणि चाकं आहेत तशीच ठेवायची, त्यांना हात लावायचा नाही. फक्त बोगीच्या बाहेरच्या बाजूला अर्ध्या मिलिमीटरच्या शीटचे थर देऊन साइड फ्रेम दोन्हीकडे सुमारे १.४ मिमी बाहेर सरकवायची, आणि स्प्रिंग, ॲक्सल बॉक्स वगैरे त्या नव्या फ्रेमवर चिकटवायचे. पावणेतीनाचा निम्मा तो १.४. फ्रेम तिच्या खऱ्या जागी गेली की बाजूनं पाहणाऱ्याला रूळ अरुंद आहे हे कळतच नाही. रुळाच्या टोकाशी मान वाकवून बघणाऱ्यालाच कळतं, आणि तसा पाहुणा घरी आला तर त्याला चहा देऊन दुसऱ्या खोलीत बसवावं. ज्यांना हेही चालत नाही ते १९.२५ चा रूळ स्वतः सोल्डर करून घालतात. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, मत्सरही आहे, पण नवशिक्यानं त्या वाटेला जाऊ नये. एकही डबा पुरा होणार नाही.

उरलीसुरली शंका असेल तर बार्शी लाईट घ्या. १८९७ साली एव्हरार्ड कॅलथ्रॉपनं सुरू केलेली ही लाईन. त्यानं मालडब्यांच्या सगळ्या फ्रेम एकाच मापाच्या केल्या: २५ फूट लांब, ७ फूट रुंद. मॉडेल करणाऱ्यावर असे उपकार फार थोड्या इंजिनिअरांनी केलेत. एचओत ती फ्रेम ८७.५ बाय २४.५ मिमी होते. एकदा टेम्प्लेट कापलं की त्यावरून हव्या तेवढ्या वॅगन काढा.

आणि रूळ? अडीच फूट गुणिले साडेतीन, पावणेनऊ मिमी. ९ मिमीचा रूळ तयार मिळतो, पण त्याच्या खोक्यावर 'एन' लिहिलेलं असतं. एन हे १:१६० चं स्केल. इथे लोक बिचकतात: रूळ एनचा, मग वॅगनही एनचीच लागणार. अजिबात नाही. वॅगन एचओची, रूळ एनच्या खोक्यातला, आणि या जोडीला एचओई असं स्वतंत्र नावही आहे. मोठ्या लाईनच्या एचओ डब्याशेजारी ती उभी केली की कुर्डुवाडीचा प्लॅटफॉर्म डोळ्यांपुढे येतो, कारण दोन्ही गाड्या एकाच पट्टीनं मोजलेल्या असतात. खरं तर ९ मिमीवरची ही बार्शी लाईट १६.५ वरच्या आपल्या मोठ्या लाईनपेक्षा मापाला जास्त खरी आहे. हेच ओओत केलं तर रूळ १० मिमीचा हवा, ९ तोकडा पडतो. एन रुळाखालच्या स्लीपर, म्हणजे आडव्या पट्ट्या, मात्र फार दाट असतात. त्या एकाआड एक काढा, नाहीतर खडीत बुडवा.

बाकीचे फरक फुटकळ. १:८७ की १:८७.१ यावर वाद घालणारे भेटतात. ७० फुटी डब्यात हा फरक पाव मिलिमीटरच्या आसपास पडतो, त्यापेक्षा माझ्या ब्लेडची रेघ जास्त भटकते. मीटरगेजला एचओत १२ मिमीचा रूळ चालतो. माणसं घेताना तेवढं बघा: साडेपाच फुटी माणूस आणि आपला ब्रॉडगेज एकाच मापाचे, म्हणून एचओतला माणूस १९.२५ मिमी. आर्किटेक्टच्या मॉडेलसाठी मिळणारी १:१०० ची माणसं पावणेसतरा मिमीची. ती एचओच्या दारात उभी केली की प्रवासी चौथीतला वाटतो.

शीटच्या जाडीलाही स्केल लागतं, हे विसरू नका. एचओत १ मिमीची शीट म्हणजे ८७ मिमीची भिंत. तिच्यात खिडकी कापली की डबा भुईकोट किल्ल्यासारखा दिसतो. बाहेरची कातडी अर्ध्या मिलिमीटरची घ्या आणि ताकद आतून द्या. आणि बॅनरवाल्याकडचा सनबोर्ड आणून तेच स्टायरीन आहे असं मला सांगू नका. तो फुगवलेला पीव्हीसी आहे. स्टायरीनसारखा रेघ मारून कडकन मोडत नाही, आणि कडेला स्पंजासारखा दिसतो.

पोराचा डबा मी टाकू दिला नाही. माझ्या लेआउटवर अगदी मागे, भिंतीला लागून एक साइडिंग आहे. तिथे त्याला एकट्याला उभा केलाय. १०१ च्या मापाचा असल्यामुळे पुढच्या ८७ च्या गाडीमागे तो दूर, यार्डाच्या पार टोकाला उभा असल्यासारखा दिसतो, आणि त्याच्यामुळे दीड फुटाचं टेबल खोल वाटतं. पोरगा आता २४५ चा दुसरा डबा कापतोय. परवा फोन आला होता, वॉटर टँकचं झाकण गोल की चौकोनी म्हणून.