बर्लिनचा राजवाडा : ‘पुनर्बांधणी’ या शब्दाची गुंतागुंत

बर्लिनच्या मध्यभागी, श्प्रे नदीतील बेटावर उभी असलेली हुम्बोल्ट फोरम या संग्रहालयाची इमारत सर्रास ‘पुन्हा बांधलेला राजवाडा’ म्हणून ओळखली जाते. मूळची गढी १४४३ साली बांधायला घेतली, तीही शहरवासीयांचा विरोध मोडून; १६९८ नंतर तिला बरोक, म्हणजे त्या काळच्या भरजरी अलंकृत शैलीचे, रूप मिळाले आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास घुमट चढला. फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात राजवाडा जळाला, तरी त्याच्या भिंती बव्हंशी शाबूत होत्या. १९५० मध्ये पूर्व जर्मनीच्या सत्ताधाऱ्यांनी त्या सुरुंग लावून पाडल्या. एक प्रवेशद्वार मात्र राखले, कारण नोव्हेंबर १९१८ मध्ये त्याच्याच सज्जातून समाजवादी प्रजासत्ताकाची घोषणा झाली होती. त्याचे काही मूळ घडीव भाग १९६० च्या दशकात शेजारच्या सरकारी इमारतीत बसवण्यात आले.

मोकळ्या जागेवर १९७६ मध्ये ‘प्रजासत्ताकाचा प्रासाद’ उभा राहिला. त्यात संसद होती, तशीच उपाहारगृहे, सभागृह आणि खेळाची दालनेही होती, त्यामुळे पूर्व बर्लिनच्या सामान्य कुटुंबांच्या आठवणी त्याच्याशी जोडल्या गेल्या. सप्टेंबर १९९० मध्ये बांधकामातील ॲस्बेस्टॉस या आरोग्यास घातक खनिजाच्या कारणाने तो बंद झाला. ॲस्बेस्टॉस काढण्याचे काम २००३ पर्यंत चालले आणि ते संपल्यावर, म्हणजे मूळ कारण उरले नसताना, २००६ ते २००८ या काळात सांगाडाही पाडला गेला. हा क्रम लक्षात घेतला, तर केवळ आरोग्याचा प्रश्न होता असे म्हणणे कठीण जाते.

निर्णायक ठराव जुलै २००२ चा. एकीकृत जर्मनीच्या संसदेने मोठ्या बहुमताने मान्यता दिली ती राजवाड्याच्या तीन बाह्य दर्शनी बाजू आणि एका चौकाच्या बरोक भिंती पूर्वीसारख्या उभारण्याला. संपूर्ण राजवाड्याला नव्हे. ‘पुनर्बांधणी’ हा शब्द येथेच फसवा ठरतो. जीर्णोद्धारात जुने काही शिल्लक असावे लागते, प्रतिकृती निदान सगळीकडून सारखी असावी लागते. येथे आत काँक्रीटची नवी इमारत, तीन बाजूंना कोरीव दगडाचा साज आणि नदीकडच्या पूर्वेला जाणीवपूर्वक सपाट ठेवलेली आधुनिक भिंत आहे. वाचवलेल्या प्रवेशद्वाराचेही आता दोन अवतार झाले आहेत : मूळ भाग शेजारी, आणि ‘राजवाड्या’त त्याची नक्कल. दर्शनी कामाचा खर्च प्रामुख्याने देणग्यांतून झाला, त्यामुळे कशाची स्मृती जपायची हे कोणी ठरवले, हा प्रश्न रास्तच होता.

२०२० मध्ये घुमटावर क्रूस चढला, तेव्हा वाद पुन्हा पेटला. सर्वांनी येशूच्या नावापुढे गुडघे टेकावेत, अशा आशयाची ओळ घुमटाभोवती सुवर्णाक्षरांत आहे, आणि खालच्या दालनांत आशिया, आफ्रिका व ओशनियातून आणलेल्या वस्तू मांडलेल्या आहेत. त्यांपैकी बेनिनच्या (आजच्या नायजेरियातील जुन्या राज्याच्या) ब्राँझ शिल्पांची मालकी २०२२ मध्ये नायजेरियाला देण्यात आली. त्यांतली काही अजून याच छताखाली उसनवारीवर आहेत.