रेग्युलेटर ‘गेला’ की पुरा पडत नाही?

‘मोठा फ्युएल पंप बसवला, आता प्रेशर खालीच येत नाही. रेग्युलेटर गेला वाटतं, नवा कुठे मिळेल?’ रेग्युलेटर म्हणजे इंजिनाकडे जाणाऱ्या पेट्रोलचं प्रेशर ठरलेल्या आकड्यावर ठेवणारा व्हॉल्व्ह. या प्रश्नाला दर वेळी तेच उत्तर मिळतं: मुंबईत ऑपेरा हाऊसच्या पार्ट्स बाजारात जा, ॲडजस्टेबल घे. माणूस जातो, निळा-लाल चकचकीत रेग्युलेटर आणतो, बोल्ट पार सैल होईपर्यंत फिरवतो आणि काटा ढिम्म. मग तो रेग्युलेटरही ‘डुप्लिकेट’ ठरतो आणि तिसऱ्याचा शोध सुरू होतो. दोन्ही रेग्युलेटर बहुतेक वेळा ठणठणीत असतात.

बिघडलेला रेग्युलेटर सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे तो चार ओळींत उरकतो. डायफ्राम (आतला पडदा) फाटला की व्हॅक्यूमच्या नळीत पेट्रोल येतं. नळी काढून बोट लावा, ओलं लागलं की बदला. व्हॉल्व्ह बंद अवस्थेत अडकला तर प्रेशर थेट पंपाच्या रिलीफ व्हॉल्व्हपर्यंत चढतं. चुकीच्या सेटिंगचा बसला असेल तर प्रेशर कायम तेवढ्याच फरकाने जास्त. व्हॅक्यूमची नळी निघाली किंवा चिरली असेल तर फक्त आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं सुरू) जास्त, आणि ते रेग्युलेटरचं दुखणंच नव्हे. गेज स्वस्तातलं असेल तर आधी दुसऱ्या गेजशी ताडून बघा. गॅरेजमधले ‘तीन किलो’ आणि पुस्तकातले ३ बार यांत जेमतेम दोन टक्क्यांचा फरक आहे, त्यावर वाद घालू नका.

आता दुसरं प्रकरण. इथे रेग्युलेटर शाबूत असतो, फक्त नव्या पंपाला पुरा पडत नाही.

रेलवर (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या पाइपवर) रेग्युलेटर आणि टाकीपर्यंत रिटर्न पाइप असलेली, २००० च्या आसपासची साधी एमपीएफआय (दर सिलिंडरला इंजेक्टर असलेली) गाडी धरू. ठरलेलं प्रेशर ३ बार, म्हणजे ४३.५ पीएसआय. आयडलला मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनाला हवा नेणाऱ्या वाटेत, १८ इंचांच्या (पाऱ्याच्या) आसपास व्हॅक्यूम असतो, तो रेग्युलेटरच्या स्प्रिंगला सुमारे ९ पीएसआयने हलकं करतो, म्हणून गेजवर ३४-३५ दिसायला हवं. रेग्युलेटर हे कसं साधतो? जास्तीचं पेट्रोल परत सोडून. त्याच्या हातात तेवढंच आहे. दार कमी-जास्त उघडणं.

पण दार सताड उघडल्यावर पुढे काय? पेट्रोलला व्हॉल्व्हच्या तोंडातून, बँजो बोल्टच्या (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टच्या) भोकांतून, चार-पाच वळणं घेत गेलेल्या रिटर्न पाइपमधून आणि टाकीतल्या मॉड्यूलमधून (पंप ज्यात बसतो त्या साच्यातून) परत जायचं असतं. एवढ्या वाटेतून ढकलायलाच काही प्रेशर लागतं. त्याला मी तळ म्हणतो. या तळाखाली रेग्युलेटर प्रेशर आणू शकत नाही, तुम्ही स्प्रिंग काढून फेकलीत तरी. संध्याकाळी दादरच्या पुलावर लोक तुंबतात ते जिना अरुंद म्हणून. वरचं दार आणखी रुंद करून कुणी लवकर फलाटावर पोचत नाही.

हा तळ पंपाबरोबर सरळ प्रमाणात वाढत नाही, इथेच अंदाज चुकतो. पाइपमधला अडथळा प्रवाहाच्या जवळपास वर्गाने वाढतो. कंपनीचा पंप ताशी १०० लिटर देत होता आणि त्या वेळी तळ ८ पीएसआय होता असं समजा. ठरलेलं प्रेशर ३४, त्यामुळे तळाचा पत्ताही लागत नव्हता. आता २५५ लिटरचा पंप बसला. आयडलला इंजिन ताशी लिटर-दीड लिटर पितं, बाकी सगळं परत. सोयीसाठी २५० धरा. प्रवाह अडीचपट, तळ सव्वासहापट: ८ चा ५०. रेग्युलेटरला ३४ हवेत, वाट ५० च्या खाली सोडत नाही, काटा ५० वर बसतो. तुम्ही सेटिंग ४० केलंत, ३० केलंत, तरी ५० च. तो नॉब का ऐकत नव्हता ते आता कळलं असेल.

म्हणजे एकाच गाडीत दोन प्रेशर असतात, रेग्युलेटरचं ठरलेलं आणि वाटेचा तळ. गेज त्यातलं मोठं दाखवतं. बिघडलेल्या किंवा चुकीच्या रेग्युलेटरमध्ये ठरलेलंच वर गेलेलं असतं. पुरा न पडणाऱ्यात तळ वर आलेला असतो. ठरलेलं प्रेशर व्हॅक्यूमवर हलतं, प्रवाहाची त्याला फारशी पर्वा नसते. तळ नेमका उलटा: व्हॅक्यूमला भीक घालत नाही, प्रवाहावर नाचतो. सगळ्या चाचण्या यातूनच निघतात.

आयडलला रेग्युलेटरवरून व्हॅक्यूमची नळी काढून नळीचं तोंड बंद करा. काटा ३४ वरून ४३-४४ वर गेला तर सगळं ठीक. ५० वर होता आणि ५० वरच राहिला तर तो तळ आहे. ५० वरून ५९ वर गेला तर रेग्युलेटरचं सेटिंगच १५-१६ ने जास्त आहे. फसवणारी केस मधली असते. समजा तळ ३८ आहे. नळी लावलेली असताना ३८ दिसतं, काढल्यावर बरोब्बर ४३.५. लोक ४३.५ बघून खूश होतात, रेग्युलेटरला क्लीन चिट देतात आणि गळके इंजेक्टर शोधत बसतात. नळी काढल्यावर काटा किती चढला ते मोजा, कुठे पोचला ते नव्हे. नऊ चढायला हवा होता आणि साडेपाचच चढला, तर उरलेले साडेतीन तळाने खाल्ले.

दुसरी चाचणी व्होल्टेजची, माझी सगळ्यात लाडकी, कारण काही उघडावं लागत नाही. इंजिन बंद ठेवून पंप रिलेवरून (पंपाला वीज जोडणाऱ्या स्विचवरून) चालवा. बॅटरीवर १२ व्होल्टच्या आसपास असताना काटा बघा, मग बॅटरीला चार्जर लावून १४ च्या जवळ न्या. व्होल्टेज वाढलं की पंपाचा प्रवाह वाढतो. काटा जागचा हलला नाही तर रेग्युलेटर ताबा ठेवून आहे, आकडा चुकीचा असला तरी. काटा व्होल्टेजच्या मागे चढत गेला तर तळ. म्हणूनच नव्या पंपाला जाड वायर आणि वेगळा रिले दिल्यावर ‘आणखीच बिघडलं’ अशी तक्रार येते. वायरिंग उत्तमच झालेलं असतं. पंपाला पहिल्यांदा पोटभर करंट मिळाला एवढंच.

तिसरी खूण रस्त्यावर दिसते. निरोगी गाडीत ॲक्सिलरेटर दाबला की व्हॅक्यूम जातो आणि प्रेशर वाढतं. तळावर बसलेल्या गाडीत लोडवर ते उतरतं. १०० हॉर्सपॉवरचं साधं इंजिन पूर्ण थ्रॉटलला ताशी ३० लिटरच्या आसपास घेतं. परतीचा प्रवाह २५० वरून २२० वर येतो, तळ चाळिशीच्या आत जातो आणि काटा ४३.५ वर टेकतो. म्हणून ही गाडी वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेच्या जाममध्ये पेट्रोलचा वास मारते, प्लग काळे करते, पीयूसीला आयडलवर अडकते आणि कोस्टल रोडवर मात्र मस्त पळते. आयडलला ५० म्हणजे इंजेक्टरच्या दोन टोकांमधला फरक ५९, हवा होता ४३.५. पेट्रोल साधारण १६ टक्के जास्त. गाडीला ऑक्सिजन सेन्सर असेल तर मात्र ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) एवढं बहुधा सांभाळून नेतो, चेक लाइटही लागत नाही. स्कॅनर लावलात तर आयडलला फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतोय तो आकडा) उणे पंधराच्या घरात आणि हायवेवर शून्याजवळ दिसेल. बिघडलेल्या रेग्युलेटरमध्ये दोन्हीकडे उणे. हे न बघता ट्यून करून मॅपमध्ये (ईसीयूच्या पेट्रोलच्या तक्त्यात) आयडलचं पेट्रोल कापणारे महाभाग आहेत. तळ व्होल्टेजबरोबर हलतो. एसी आणि हेडलाइट लावले की त्यांचा मॅप चुकतो.

एक विनंती. लोडवर प्रेशर बघायला पेट्रोल भरलेली गेजची नळी केबिनमध्ये आणू नका. गेज काचेवर बाहेरून टेपने लावा, नाहीतर इलेक्ट्रिक सेन्सर वापरा.

तळ आहे हे नक्की झालं की तो कुठे आहे ते शोधायचं. रेग्युलेटरनंतरची रिटर्न नळी सोडा, तिथे जाड तोंडाची आखूड नळी लावून ती धातूच्या कॅनमध्ये घाला. प्रेशर जागेवर आलं तर मागची वाट दोषी. तसंच राहिलं तर रेग्युलेटरचं तोंडच लहान आहे किंवा व्हॉल्व्ह अर्धवट अडकलाय. दोन्हीत तो बदलायचाच, पण या वेळी तोंडाचा आकार बघून. पेट्रोल मिनिटाला चार लिटरच्या वर येतं, म्हणजे पाच लिटरचा कॅन सव्वा मिनिटात भरतो. काही सेकंदच पंप चालवा, इंजिन थंड असताना, उघड्यावर, अग्निशामक हाताशी ठेवून. सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये हा उद्योग अजिबात नको.

मागची वाट दोषी निघाली की बहुतेकजण पाइप बदलतात आणि टाकीतलं मॉड्यूल विसरतात. अनेक गाड्यांत परतीच्या पेट्रोलवर एक जेट चालतो, पंपाभोवतीची वाटी भरलेली ठेवायला. त्याचं भोक मुद्दाम बारीक असतं. तो तसाच ठेवून बाहेर कितीही जाड पाइप टाका, पैसे वाया. सरसकट उपटूनही टाकू नका, नाहीतर पाव टाकीवर वळणात पंप हवा ओढेल. जास्तीच्या पेट्रोलला वेगळी मोकळी वाट द्या. जुनी रबरी नळीही बघा. इथेनॉल न सोसणाऱ्या रबराचा आतला थर फुगून वाट अडवतो, बाहेरून नळी नवीकोरी दिसते.

पाइपचा व्यास मात्र चमत्कार करतो. आतला व्यास ६ मिमीवरून ८ केला की तेवढ्याच प्रवाहाला त्या पाइपमधला अडथळा जवळपास चौथाईवर येतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जाड पाइप आणायचा असेल तर तो फ्युएल इंजेक्शनचा आहे हे त्यावर छापलेलं वाचूनच घ्या.

रिटर्न नसलेल्या गाड्यांत रेग्युलेटर टाकीतच, मॉड्यूलमध्ये असतो. नियम तोच, व्हॅक्यूमची चाचणी मात्र नाही, व्होल्टेजची करा. मॉड्यूलमधला छोटा रेग्युलेटर मोठ्या पंपाला जवळपास हमखास कमी पडतो. तिथे बाहेर रेग्युलेटर आणि नवा रिटर्न टाकणं हाच सरळ मार्ग. डायरेक्ट इंजेक्शनच्या (थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या) गाडीत बहुधा कंट्रोलर पंपाचा वेग बदलत असतो, तिला यातलं काही लावू नका.

आणि मुळात २५५ कशाला? टर्बो नसलेल्या १.६ ला ताशी तीस-पस्तीस लिटर लागतात, कंपनीच्या पंपात त्याच्या दुपटीहून जास्त दम असतो. टर्बो लावून २०० हॉर्सपॉवर काढलेत तरी ७५ च्या आसपास. अशा गाडीला मी १५०-१९० चा पंप सुचवतो. मोठाच हवा असेल तर पंपाच्या बजेटमध्ये ८ मिमीचा रिटर्न आणि मोठ्या तोंडाचा रेग्युलेटर पहिल्या दिवसापासून धरा.