पाकिटातल्या दोन रंगांच्या गोळ्या: रजोनिवृत्तीच्या संप्रेरक उपचारामागचा इतिहास

रजोनिवृत्तीच्या त्रासावर डॉक्टर ज्या संयुक्त संप्रेरक गोळ्या लिहून देतात, त्यांच्या काही पाकिटांत २८ गोळ्या दोन रंगांत विभागलेल्या असतात. पहिल्या १४ गोळ्यांत फक्त इस्ट्रोजेन असतं, पुढच्या १४ गोळ्यांत इस्ट्रोजेनच्या जोडीला प्रोजेस्टोजेन, म्हणजे शरीरातल्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकासारखं काम करणारं औषध. अंगातून उठणाऱ्या गरम वाफा, रात्री अंथरूण भिजवणारा घाम, उडालेली झोप यांवर उतारा पडतो तो मुख्यतः इस्ट्रोजेनने. दुसऱ्या रंगाच्या गोळ्या सुरू झाल्या की काही जणींची छाती दुखरी होते, पोट फुगतं, चिडचिड वाढते आणि शेवटी पाळीसारखं रक्तही जातं. मग ‘या दुसऱ्या गोळ्याच सोसत नाहीत’ असं ठरवून त्या परस्पर बाजूला ठेवल्या जातात. गर्भपिशवी शाबूत असलेल्या बाईने असं करणं धोक्याचं आहे. तो धोका कळायला अमेरिकेतल्या बायकांना मोठी किंमत मोजावी लागली.

सुरुवात तिथूनच करू. १९२९ मध्ये इस्ट्रोजेन गटातलं पहिलं संप्रेरक शुद्ध स्वरूपात वेगळं झालं. अमेरिकेत एडवर्ड डॉइझी आणि जर्मनीत अडॉल्फ बुटेनांट यांनी ते जवळपास एकाच वेळी साधलं. अडचण पुरवठ्याची होती. माणसाच्या मूत्रातून मिळणारं प्रमाण फार थोडं. पुढे लक्षात आलं की गाभण घोडीच्या मूत्रात ही द्रव्यं भरपूर असतात. त्यातूनच ‘प्रीमारिन’ ही गोळी तयार झाली आणि १९४२ मध्ये अमेरिकेत तिला परवानगी मिळाली. पाळी जाताना होणाऱ्या त्रासावर पोटातून घेता येईल असं खरोखर गुणकारी औषध आता हाताशी होतं, आणि ते गुणकारी होतं याबद्दल आजही वाद नाही. वाद आहे तो त्याच्या नावावर पुढे काय काय खपवलं गेलं, त्याचा.

१९६६ साली रॉबर्ट विल्सन या न्यू यॉर्कच्या स्त्रीरोगतज्ज्ञाचं ‘फेमिनाइन फॉरएव्हर’ हे पुस्तक आलं. रजोनिवृत्ती हा कमतरतेचा आजार आहे, इस्ट्रोजेन न घेणारी बाई हळूहळू बाईपण गमावते, म्हणून प्रत्येकीने हे औषध आयुष्यभर घ्यावं, असा त्याचा सूर होता. पुस्तक तुफान खपलं. पुस्तकाचा खर्च गोळी बनवणाऱ्या कंपनीने उचलला होता, हे विल्सनच्या मुलाने २००२ मध्ये उघड केलं. मला या पुस्तकाचा राग येतो, आणि तो केवळ पैशांमुळे नाही. ज्यांना वाफांनी हैराण केलं होतं त्यांच्यासाठीचा उपचार त्याने ज्यांना काहीच त्रास नव्हता त्यांच्याही गळी उतरवला, तोही म्हातारपणाची भीती घालून. सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत ही गोळी अमेरिकेत सर्वाधिक लिहून दिल्या जाणाऱ्या औषधांच्या पहिल्या रांगेत होती. आणि बहुतेक बायका ती एकटी, म्हणजे प्रोजेस्टोजेनशिवाय घेत होत्या.

डिसेंबर १९७५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’च्या एकाच अंकात दोन अभ्यास छापून आले. दोन्ही स्वतंत्रपणे केलेले होते आणि दोन्हींचं बोट एकाच जागी होतं. इस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांमध्ये गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका एका अभ्यासात साडेचार पट, तर दुसऱ्यात साडेसात पटींहून जास्त आढळला. सात वर्षांहून अधिक काळ गोळी घेतलेल्यांमध्ये तो सुमारे चौदा पट होता.

कारण समजायला अवघड नाही. इस्ट्रोजेनचं एक काम म्हणजे गर्भाशयाचं अस्तर वाढवणं. पाळी चालू असताना महिन्याच्या उत्तरार्धात बीजांडकोशातून प्रोजेस्टेरॉन येतं, ते ही वाढ थांबवतं आणि अस्तराला पक्वता आणतं. मग त्याची पातळी उतरली की अस्तर गळून जातं, म्हणजेच पाळी येते. बाहेरून नुसतं इस्ट्रोजेन दिलं, तर शेताला खत-पाणी घालत राहायचं आणि कापणी कधीच करायची नाही, तसं होतं. अस्तर जाड होत जातं, त्यातल्या पेशी वेड्यावाकड्या वाढू लागतात आणि काही वर्षांत त्यातून कर्करोग उभा राहू शकतो.

यावर उपायही तिथेच दडलेला होता. निसर्ग जे दुसरं संप्रेरक देतो, तेही द्यायचं. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी किती दिवस द्यायचं याचा शोध घेतला. महिन्यातले सात दिवस पुरत नाहीत, बारा-तेरा दिवस दिलं तर अस्तर सुरक्षित राहतं, असं दिसलं. पाकिटातला १४ चा आकडा या शोधातून आला आहे. पुढे १९९०च्या दशकात अमेरिकेत तीन वर्षं चाललेल्या ‘पेपी’ चाचणीत नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या, गर्भपिशवी असलेल्या बायकांपैकी सुमारे एक तृतीयांश जणींच्या अस्तरात कर्करोगाकडे झुकणारी वाढ आढळली. जोडीला प्रोजेस्टोजेन घेणाऱ्यांमध्ये हा धोका जवळजवळ उरला नाही. ‘दुसऱ्या रंगाच्या गोळ्या मी घेत नाही’ असं कुणी मैत्रीण म्हणाली, तर तिला सांगण्यासारखी गोष्ट हीच आहे. सोसत नसतील तर प्रोजेस्टोजेनचा प्रकार बदलता येतो, देण्याची पद्धत बदलता येते, कॉपर-टीसारखी दिसणारी, पण तांब्याऐवजी हार्मोन सोडणारी साधनंही गर्भाशयात बसवता येतात. डॉक्टरांना न विचारता अर्धं पाकीट टाकून देणं तेवढं करू नये.

याच काळात दुसरी पद्धतही रुळली: रोज एकच गोळी, जिच्यात दोन्ही संप्रेरकं कायम असतात. तिने अस्तर पातळच राहतं, त्यामुळे दर महिन्याचं रक्त जाणं थांबतं. शेवटची पाळी येऊन वर्ष उलटलेल्या बायकांना साधारणपणे ही दिली जाते. त्याआधी दिली तर अवेळी, अनियमित रक्तस्राव होत राहतो. पाळी अजून अधूनमधून येत असेल तर दोन रंगांचं पाकीट, असा हा हिशेब आहे. म्हणूनच एका घरातल्या दोन बहिणींनी एकमेकींचं पाकीट वापरू नये.

अस्तराचा प्रश्न सुटला, तसं इस्ट्रोजेन पुन्हा उभं राहिलं, आणि या खेपेला हृदयाचं रक्षक म्हणून. अमेरिकेतल्या हजारो परिचारिकांवर लक्ष ठेवणाऱ्या मोठ्या अभ्यासाने १९९१ मध्ये सांगितलं की संप्रेरकं घेणाऱ्यांमध्ये हृदयविकार जवळपास निम्मा दिसतो. पण ज्या बायका औषध घेत होत्या त्या मुळातच अधिक शिकलेल्या, अधिक सुस्थितीतल्या, डॉक्टरांकडे नियमित जाणाऱ्या असतील तर? औषधाचा गुण आणि परिस्थितीचा गुण वेगळा करायचा तर चिठ्ठ्या टाकून गट पाडायला हवेत. त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पहिल्या महिला संचालक बर्नाडिन हीली यांनी ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ हा प्रचंड अभ्यास उभा केला. बायकांच्या आजारांवर एवढा पैसा आणि एवढी माणसं प्रथमच लागत होती. पुढे त्यातून जे काही झालं, ते वाचताना हे श्रेय विसरू नये.

अभ्यासाच्या संयुक्त गोळीच्या भागात गर्भपिशवी असलेल्या १६,६०८ बायका होत्या. निम्म्यांना इस्ट्रोजेन आणि मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन या प्रोजेस्टोजेनची गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी. साडेआठ वर्षं चालायचा हा भाग सरासरी ५.२ वर्षांतच, जुलै २००२ मध्ये थांबवला गेला. वर्तमानपत्रांत मथळे आले: स्तनाचा कर्करोग २६ टक्क्यांनी वाढला.

तो २६ टक्के म्हणजे किती, हे मथळ्यांनी सांगितलं नाही. दहा हजार बायकांचं एक वर्ष धरलं, तर औषध न घेणाऱ्यांत ३० जणींना स्तनाचा कर्करोग झाला आणि घेणाऱ्यांत ३८ जणींना. म्हणजे आठ जास्त. तशाच मोजणीत पक्षाघाताच्या आठ, फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकण्याच्या आठ आणि हृदयविकाराच्या सात घटना जास्त, तर खुब्याच्या हाडाची मोडतोड पाचने आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग सहाने कमी. हे धोके खोटे नव्हते. निरोगी बाईला हृदयविकार टाळायला ही गोळी देऊ नये, हा निष्कर्ष तेव्हाही बरोबर होता आणि आजही आहे.

चूक झाली ती दुसरीकडे. या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, तिघींपैकी दोघी साठी ओलांडलेल्या होत्या. वाफांनी त्रासलेल्या पन्नाशीच्या आतबाहेरच्या बायकांचा प्रश्न या अभ्यासाने विचारलाच नव्हता, तरी उत्तर त्यांनाच लागू केलं गेलं. अमेरिकेत १९९९ मध्ये वर्षाला नऊ कोटींच्या घरात असलेली या औषधांची प्रिस्क्रिप्शनं २००३ मध्ये पावणेसहा कोटींवर आली. त्याच वर्षी दहा लाखांहून अधिक ब्रिटिश बायकांच्या पाहणीनेही स्तनाच्या कर्करोगाचा वाढीव धोका दाखवला, आणि भीती जगभर पसरली. एक संबंध पिढी रात्र रात्र जागत, चादरी बदलत राहिली आणि तिच्या डॉक्टरांनीही हात वर केले.

त्याच अभ्यासाचे आकडे वयानुसार पुन्हा पाहिल्यावर, २००७ मध्ये, चित्र निराळं दिसू लागलं. रजोनिवृत्तीला दहा वर्षं होण्याआधी उपचार सुरू केलेल्यांमध्ये हृदयविकार वाढलेला दिसत नव्हता. वीस वर्षांनी सुरू केलेल्यांमध्ये तो वाढला होता. रक्तवाहिन्या आतून चोंदू लागलेल्या असताना सुरू केलेलं इस्ट्रोजेन वेगळं वागतं, हा त्याचा एक खुलासा आहे. ‘साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू करावं’ हा आजचा नियम इथून आला. १८ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०१७ मध्ये असंही प्रसिद्ध झालं की दोन्ही गटांतल्या एकूण मृत्यूंत फरक नव्हता.

स्तनाच्या कर्करोगाबद्दल मात्र दिलासा अर्धाच आहे. २०१९ मध्ये ५८ अभ्यास एकत्र करून ‘लॅन्सेट’मध्ये आलेला हिशेब असा: पन्नाशीला उपचार सुरू करून पाच वर्षं घेतला, तर पुढच्या वीस वर्षांत हजारात ६३ ऐवजी रोजच्या संयुक्त गोळीने ८३, महिन्यातले काही दिवस प्रोजेस्टोजेन असलेल्या पद्धतीने ७७ आणि नुसत्या इस्ट्रोजेनने ६८ जणींना हा कर्करोग होतो. आकडे पाश्चात्त्य देशांतले आहेत. आपल्याकडे मूळ प्रमाणच कमी असल्याने ते जसेच्या तसे उचलता येणार नाहीत. पण दिशा स्पष्ट आहे. अस्तराचं रक्षण करणारा घटकच स्तनाला थोडा महाग पडतो. म्हणून गरजेपुरती मात्रा, दर वर्षी फेरविचार आणि स्तनांची नियमित तपासणी. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या बाईला या गोळ्या सहसा देत नाहीत.

गुठळीच्या धोक्याची गोष्ट वेगळी. पोटातून घेतलेली गोळी आधी यकृतात जाते आणि तिथे रक्त गोठवणारे घटक वाढतात. त्वचेवर लावायच्या पट्टीतून किंवा जेलमधून इस्ट्रोजेन थेट रक्तात उतरतं. फ्रान्समधल्या आणि पुढे ब्रिटनमधल्या अभ्यासांत त्वचेवाटे घेणाऱ्यांमध्ये गुठळ्या वाढलेल्या आढळल्या नाहीत. वजन जास्त असेल, घरात कुणाला पायात गुठळी झाली असेल, तर हे डॉक्टरांना आपणहून सांगावं. स्वतःला पूर्वी झाली असेल किंवा यकृताचा आजार असेल, तर नक्कीच. जेल लावला तरी गर्भपिशवी असलेल्या बाईला प्रोजेस्टोजेन वेगळं घ्यावंच लागतं, ही गोष्ट पुष्कळदा निसटते.

महाराष्ट्रात या इतिहासाचा एक धागा बीडच्या ऊसतोडीपर्यंत जातो. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीने जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड कामगार बायकांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यांतल्या पुष्कळ जणी तिशी-चाळिशीच्या. पिशवीबरोबर बीजांडकोशही काढले, तर रजोनिवृत्ती त्याच दिवशी येते, आणि पिशवीच नसल्यामुळे अशा बाईला संयुक्त गोळीची सहसा गरज नसते, नुसतं इस्ट्रोजेन चालतं. इतक्या लवकर बीजांडकोश गेले तर हाडं आणि हृदय दोन्हींवर परिणाम होतो. म्हणून दुसरी काही अडचण नसेल तर नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत तरी हा उपचार द्यावा, असं मार्गदर्शक सूचना सांगतात. भारतात ते वय सरासरी ४६-४७ आहे. त्रेसष्ट वर्षांच्या अमेरिकन बायकांवरच्या आकड्यांची भीती पस्तिशीतल्या ऊसतोड कामगार बाईला दाखवून तिला हा उपचार नाकारणं, यासारखा अन्याय नाही. तिला तो मुळात कुणी देऊ करतं का, हा त्याहून मोठा प्रश्न.

गोळ्या सुरू केल्यावर पहिले तीन-चार महिने अवेळी थोडं डाग पडल्यासारखं रक्त जाऊ शकतं. ते सहा महिन्यांनंतरही चालू राहिलं, किंवा थांबून पुन्हा सुरू झालं, तर सोनोग्राफी करून अस्तराची जाडी पाहून घ्यावी. पाळी जाऊन वर्ष झालेल्या आणि गोळ्या न घेणाऱ्या बाईला रक्त दिसलं तर एकदाच दिसलं तरी दाखवावं, आणि त्याचा उलगडा होईपर्यंत संप्रेरकं सुरू करू नयेत. या गोळ्यांनी गर्भधारणा टळत नाही, हेही पाळी अजून पूर्ण न गेलेल्यांनी ध्यानात ठेवायला हवं.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००३ मध्ये या औषधांच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीत इशारा छापायला लावला होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यातले हृदयविकार, स्तनाचा कर्करोग आणि स्मृतिभ्रंशाबद्दलचे इशारे चौकटीतून काढायचं त्याने जाहीर केलं. एक इशारा मात्र ठेवला: पोटातून किंवा त्वचेवाटे नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या, गर्भपिशवी असलेल्या बाईला अस्तराच्या कर्करोगाचा. १९७५ सालचाच.