मन्झाई

मन्झाई : एका मायक्रोफोनसमोर उभे राहून दोघांनी सादर करायचा जपानी विनोदी संवादाचा प्रकार. नेपथ्य नसते, वेशांतर नसते, हातात बहुधा काहीच नसते. एक जण काहीतरी अडाण्यासारखे बोलतो आणि दुसरा त्याला तिथल्या तिथे झापतो. ओसाका हे या कलेचे माहेर. जपानी दूरचित्रवाणीवर अस्सल मन्झाई आज मुख्यतः नववर्षाच्या कार्यक्रमांत आणि स्पर्धांत दिसते. तरीही तिथले प्रश्नमंजूषा, प्रवास, खाणेपिणे, अगदी सकाळच्या बातम्यांचे कार्यक्रम ज्या पद्धतीने चालतात, ती पद्धत याच जोड्यांनी घालून दिलेली आहे.

जोडीची रचना : वेड्यासारखे बोलणाऱ्याला ‘बोके’ आणि त्याची चूक पकडणाऱ्याला ‘त्सुक्कोमी’ म्हणतात. जोडीदार एकमेकांचा उल्लेख ‘आइकाता’ असा करतात, तर सादरीकरणाच्या मजकुराला ‘नेता’ म्हणतात. बोके हा नायक आणि दुसरा त्याचा साथीदार असा पाहणाऱ्याचा समज होतो, पण तो फारसा खरा नाही. प्रेक्षक बहुतेक वेळा त्सुक्कोमीच्या वाक्यावर हसतात. बोकेचे विधान हवेत लटकलेले असते. ते नेमके कुठे चुकले हे दुसऱ्याने सांगितले की हशा फुटतो. त्याला अर्धा क्षण उशीर झाला तर विनोद मेला, आणि घाई केली तर तो कुणाला कळलाच नाही. जुने कलावंत यासाठी कागदी पंख्याने किंवा हाताने डोक्यात टपली मारत. ‘नान्दे यानेन’ (‘असं कसं रे?’) हे ओसाकाच्या बोलीतले त्सुक्कोमीचे ठरलेले वाक्य आता देशभर सर्वांच्या तोंडी आहे.

ही यंत्रणा कशी चालते ते पाहायला मिल्क बॉय या जोडीचा २०१९ सालचा कॉर्नफ्लेक्सवरचा नेता पुरेसा आहे. कोमाबा सांगतो, की आईला न्याहारीचा एक पदार्थ फार आवडतो, पण तिला त्याचे नावच आठवत नाही. त्याचे वर्णन ऐकून उत्सुमी ठामपणे म्हणतो, हे तर कॉर्नफ्लेक्स. पण कोमाबाचे पुढचे वाक्य असते, की मरताना शेवटचे जेवण म्हणून हाच पदार्थ चालेल असे आई म्हणते. मग हे कॉर्नफ्लेक्स नव्हेच, उत्सुमी निकाल देतो. जन्माची अखेर कॉर्नफ्लेक्सवर कोण करील? पुन्हा नवी खूण सांगितली जाते. खोक्यावर पोषणमूल्यांचा पंचकोन छापलेला असतो आणि तो भलताच मोठा असतो, असे आई म्हणते. मग हे कॉर्नफ्लेक्सच; पण तो पंचकोन मोठा दिसतो कारण त्यात दुधाचे पोषणही मोजलेले असते, अशी पुस्ती उत्सुमी जोडतो. ‘हेच’ आणि ‘हे नव्हेच’ यांच्यामध्ये हा झोका चार मिनिटे चालतो. कोमाबा जवळजवळ एकही विनोद करत नाही, तो फक्त निरोप पोचवतो. सगळा हशा उत्सुमीच्या निकालांवर येतो.

पूर्वपीठिका : नववर्षाला दारोदार जाऊन यजमानाचे शुभ चिंतणारी आणि नाचगाणे करणारी जोडी हे मन्झाईचे जुने रूप. तिच्यातला ‘तायू’ हाती पंखा घेऊन आशीर्वचने म्हणे आणि ‘साइझो’ छोटा ढोल वाजवत चेष्टा करी. आजच्या आइची प्रांतातल्या मिकावा आणि ओवारी भागांतील अशा जोड्या प्रसिद्ध होत्या. सत्ताधारी तोकुगावा घराणे मूळचे मिकावाचे असल्याने त्यांच्या राजधानीत, एडो (आजचे टोकियो) शहरात, मिकावाच्या जोड्यांना विशेष मान मिळे. मिकावा मन्झाई १९९५ साली राष्ट्रीय पातळीवरील महत्त्वाचा लोकसांस्कृतिक वारसा म्हणून घोषित झाली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी ही कला ओसाकाच्या हलक्याफुलक्या नाट्यगृहांत शिरली. तेथे ती गाणी, वाद्ये आणि थोडा वात्रटपणा यांची खिचडी होती.

तिला आजचे वळण दिले योकोयामा एन्तात्सु आणि हानाबिशी आचाको यांनी. १९३० साली एकत्र आलेली ही जोडी योशिमोतो या करमणूक संस्थेच्या रंगमंचावर किमोनोऐवजी सूट घालून उभी राहिली. त्यांनी ढोल आणि गाणी बाजूला सारली आणि नोकरदार माणसे बोलतात तसे साधे बोलू लागली. वासेदा आणि केइओ या विद्यापीठांतील बेसबॉल सामन्यावरचा त्यांचा संवाद रेडिओमुळे घरोघर पोचला. या ‘शाबेकुरी’ (केवळ बोलण्यावर चालणाऱ्या) मन्झाईसाठी आकिता मिनोरू यांनी संहिता लिहिल्या. ही जोडी १९३४ मध्येच फुटली. नंतर तीनचार दशके ज्याला मन्झाई म्हटले गेले, त्याचा साचा मात्र तिने त्या चार वर्षांत पाडला होता. योशिमोतोचा प्रारंभ १९१२ साली ओसाकाच्या तेन्मा भागातील एका छोट्या नाट्यगृहापासून झाला. ते चालवणाऱ्या दांपत्यापैकी पत्नी योशिमोतो सेइ यांनी पतीच्या पश्चात हा व्याप वाढवला.

पती-पत्नींच्या जोड्या हे ओसाकाचे आणखी एक वैशिष्ट्य. मियाको चोचो आणि नान्तो यूजी हे सामान्य जोडप्यांना बोलावून त्यांच्या संसाराच्या गोष्टी काढून घेणारा कार्यक्रम आधी रेडिओवर, मग दूरचित्रवाणीवर चालवत. त्यांचा स्वतःचा घटस्फोट झाल्यावरही तो वर्षानुवर्षे चालू राहिला. ओतोरी केइसुके आणि क्यो उताको यांचेही तेच झाले. संसार मोडला तरी आइकाता मोडू नये, असा काहीसा व्यवहार या धंद्यात आहे.

१९६६ साली जमलेली योकोयामा यासुशी-निशिकावा कियोशी ही जोडी पुष्कळांच्या मते या कलेचे शिखर आहे. संवादाच्या मध्येच ते बोके आणि त्सुक्कोमीच्या भूमिकांची अदलाबदल करत. यासुशीचा चष्मा खाली पडणे आणि त्याने तो जमिनीवर चाचपडत शोधणे हा त्यांचा हुकमी प्रसंग. १९८६ मध्ये कियोशी जपानी संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचे सदस्य झाले. यासुशी दारू, अपघात आणि भांडणे यांत अडकत गेले, १९८९ मध्ये योशिमोतोने त्यांना काढून टाकले, आणि १९९६ मध्ये वयाच्या ५१व्या वर्षी ते वारले.

मन्झाईची लाट : एप्रिल १९८० मध्ये फुजी वाहिनीने ‘द मन्झाई’ हा कार्यक्रम सुरू केला. नाव इंग्रजी, रंगमंच डिस्कोसारखा झगमगता आणि समोर महाविद्यालयीन तरुण. म्हाताऱ्यांची करमणूक समजली जाणारी कला त्यामुळे तरुणांची झाली. बी अँड बी, द बोन्ची, शिन्सुके-रयूसुके, टू बीट या जोड्या रातोरात तारे बनल्या. टू बीटचा विनोद जहरी होता. लाल सिग्नल असला तरी सगळ्यांनी मिळून रस्ता ओलांडला की भीती नाही, हे त्यांचे वाक्य जपानमध्ये म्हणीसारखे वापरले जाते. लाट दोनएक वर्षांत ओसरली, पण तिच्यातले कलावंत टिकले. फुजीने त्यांना घेऊन १९८१ मध्ये ‘ओरेताची ह्योकिन्झोकु’ हा शनिवारी रात्रीचा कार्यक्रम काढला. द ड्रिफ्टर्स या पाच जणांच्या चमूचा ‘हाचीजी दा यो! झेन्इन शूगो’ हा कार्यक्रम टीबीएस वाहिनीवर १९६९ पासून तीच वेळ राखून होता. तो बंद पडला १९८५ मध्ये. ड्रिफ्टर्सचा विनोद काटेकोर तालमींचा होता. ह्योकिन्झोकुमध्ये कलावंत आयत्या वेळी काहीही बोलत आणि कॅमेऱ्यामागची मंडळी हसली तर तो आवाजही तसाच प्रक्षेपित होई. पुढची सगळी जपानी दूरचित्रवाणी या दुसऱ्या वाटेने गेली.

टू बीटमधला बीट ताकेशी भारतीय प्रेक्षकांना वेगळ्याच रूपात माहीत आहे. टीबीएसवर १९८६ पासून आलेला त्याचा किल्ला जिंकण्याचा कार्यक्रम पुढे पोगो वाहिनीवर ‘ताकेशीज कॅसल’ म्हणून दिसला आणि चिखलात आपटणाऱ्या स्पर्धकांवर जावेद जाफरीने हिंदीत समालोचन केले. आपल्याकडच्या एका पिढीला ताकेशी म्हणजे तो किल्ला, एवढेच ठाऊक असते. १९९७ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात सुवर्णसिंह मिळवणारा दिग्दर्शक कितानो ताकेशी तो हाच.

डाउनटाउन आणि नंतर : योशिमोतोने १९८२ मध्ये ओसाकात विनोदी कलावंतांची शाळा उघडली. तोवर गुरूच्या घरी राहून, त्याची बॅग उचलून कला शिकावी लागे; आता फी भरून शिकता येऊ लागले. तिच्या पहिल्याच तुकडीत आमागासाकी शहरातले दोन बालमित्र होते, मात्सुमोतो हितोशी आणि हामादा मासातोशी. ‘डाउनटाउन’ या नावाने ते संथ, पुटपुटल्यासारखे बोलत. योकोयामा यासुशींनी त्यांना गल्लीतल्या टपोरींच्या गप्पा म्हणून हिणवले होते. १९८९ पासून चाललेल्या ‘गाकी नो त्सुकाइ’मधून, आणि विशेषतः ३१ डिसेंबरच्या रात्री चालणाऱ्या ‘हसलात तर फटका’ या खेळातून या जोडीने वर्षानुवर्षे देशाला हसवले. मन्झाई मात्र त्यांनी जवळजवळ सोडली होती. एप्रिल २०२२ मध्ये योशिमोतोच्या ११०व्या वर्षानिमित्त ओसाकाच्या नाम्बा ग्रँड कागेत्सु या नाट्यगृहात ते सुमारे तीन दशकांनंतर पुन्हा त्या मायक्रोफोनसमोर उभे राहिले. यश म्हणजे मन्झाईपासून सुटका, हा या धंद्यातला विचित्र नियम त्यांच्या बाबतीत ठळक दिसतो : जोडी नावाजली की तिला सूत्रसंचालन मिळते आणि नेता लिहिण्याला वेळ उरत नाही.

पडद्याचे व्याकरण : १९९० च्या दशकापासून जपानी कार्यक्रमांत बोललेली वाक्ये पडद्यावर रंगीत, ढोबळ अक्षरांत उमटू लागली. बहिऱ्यांसाठी असतात तशी ही उपशीर्षके नव्हेत. कोणता शब्द मोठा करायचा, कुठे प्रश्नचिन्ह टाकायचे हे ठरवून संकलकच त्सुक्कोमीचे काम करतो. कोपऱ्यातल्या चौकटीत एखाद्या विनोदवीराचा चेहरा सतत दिसतो. चित्रफितीत काही विचित्र घडले की त्याच्या भुवया वर जातात आणि घरी बसलेल्याला कळते, की इथे हसायचे आहे. पायऱ्यांवर बसवलेल्या पाहुण्यांपैकी कुणी ओशाळवाणे बोलला, तर सूत्रसंचालक त्याला लगेच टोकून वाचवतो. जोडीतल्या दुसऱ्या माणसाचे काम असे संपूर्ण स्टुडिओत वाटले गेले आहे. जपानी न समजणाऱ्याला हे कार्यक्रम गोंगाटी वाटतात, ते बव्हंशी यामुळेच.

एम-१ : शिन्सुके-रयूसुके जोडीतले शिमादा शिन्सुके यांच्या पुढाकाराने २००१ साली सुरू झालेली ‘एम-१ ग्राँ प्री’ ही डिसेंबरमध्ये थेट प्रक्षेपित होणारी स्पर्धा. पारितोषिक १ कोटी येन, नेता सुमारे चार मिनिटांचा. जोडी जमून किती वर्षे झाली याला मर्यादा आहे. आरंभी ती १० वर्षे होती, २०१५ पासून १५ झाली. पहिले विजेते नाकागावाके हे सख्खे भाऊ. २००७ मध्ये सेन्दाइची सँडविचमॅन ही जोडी उपान्त्य फेरीत गळली, त्याच दिवशीच्या पुनःप्रवेश फेरीतून अंतिम फेरीत आली आणि थेट जिंकली. मिल्क बॉयने २०१९ मध्ये ७०० पैकी ६८१ गुण मिळवले. २०२० मध्ये मॅजिकल लव्हली या जोडीतल्या नोदाने चालत्या गाडीत कडी न धरता लोळत, जवळजवळ न बोलता जिंकून दाखवले, तेव्हा ही मन्झाई आहे का, यावर आठवडाभर वाद झडला. एन्तात्सु-आचाकोंनी ढोल काढून टाकला तेव्हाही हाच वाद शोभला असता. २०२१ च्या विजेत्या निशिकिगोइ जोडीतला हासेगावा मासानोरी पन्नाशीचा होता. २०२४ पर्यंत एकाही विजेत्या जोडीत स्त्री नव्हती. स्त्रियांसाठी वेगळी स्पर्धा २०१७ पासून भरते.

टीकाही कमी नाही. २०१७ च्या वर्षअखेरीच्या कार्यक्रमात हामादा कृष्णवर्णीय नटाची नक्कल म्हणून चेहरा काळा रंगवून आले, त्यावर परदेशातून आणि जपानमधूनही आक्षेप आले. प्रक्षेपणाच्या नीतीवर देखरेख करणाऱ्या बीपीओ या संस्थेने २०२२ मध्ये इतरांच्या वेदनेवर हसवणाऱ्या कार्यक्रमांविषयी मत नोंदवले. त्याआधीच वर्षअखेरीचे फटके बंद झाले होते. शिमादा शिन्सुके २०११ मध्ये संघटित गुन्हेगारांशी संबंध उघड झाल्यावर निवृत्त झाले. एका साप्ताहिकाने लैंगिक गैरवर्तनाचे आरोप छापल्यावर मात्सुमोतो यांनी ते नाकारले, आणि जानेवारी २०२४ मध्ये काम थांबवले.

२०२४ च्या एम-१ मध्ये १०,३३० जोड्या उतरल्या. केइओ विद्यापीठाच्या विनोद मंडळातून आलेली रेइवा रोमान ही जोडी २०२३ पाठोपाठ पुन्हा जिंकली. लागोपाठ दोनदा जिंकणारी ती पहिलीच. पुढच्या वर्षी तिच्यातला ताकाहिरा कुरुमा ऑनलाइन जुगाराच्या प्रकरणामुळे योशिमोतोतून बाहेर पडला. मात्सुइ केमुरी तिथेच राहिला आणि जोडी कायम आहे.