पोरगं हुशार, पण पेपरात उतरत नाही

"पोरगं हुशार आहे हो सर, पण पेपरात उतरत नाही." साताऱ्यात कॉलेजात शिकवताना हे दर सेमिस्टरला ऐकतो. वर्गातल्या एकानं तोंडी परीक्षेत एंट्रॉपी अशी समजावली, की बाहेरून आलेले परीक्षक पेन ठेवून ऐकत बसले. जर्नल उघडलं तर एकाच पानावर 'एंट्रॉपी'ची तीन स्पेलिंगं! दहावीपर्यंत मराठी माध्यम. तिथं ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका निष्काळजीपणाच्या खात्यात जमा झाल्या.

यात लिपीचाही हात आहे. डिस्लेक्सियात, म्हणजे बुद्धी असूनही वाचणं-लिहिणं जड जातं त्या अडचणीत, ध्वनी आणि अक्षर यांची सांगड कच्ची असते. देवनागरीत 'क'ला काना दिला की 'का'च होतो, त्यामुळे मूल रखडत का होईना, वाचतं. इंग्रजीत 'ओ-यू-जी-एच' ही चार अक्षरं 'टफ'मध्ये एक बोलतात, 'थ्रू'मध्ये भलतंच. अकरावी सायन्सला झाकली मूठ उघडते.

बुद्धीचा इथं दोष नाही. क्षणभर गोष्टी धरून ठेवणाऱ्या स्मृतीत जेमतेम चारेक गोष्टी मावतात. ती जागा अक्षरं जुळवण्यातच भरली, की वाक्याच्या शेवटी येईतो सुरुवात निसटलेली असते. एडीएचडी या लक्षाशी निगडित विकाराचं दुखणं वेगळं, पण तो आणि डिस्लेक्सिया बऱ्याचदा जोडीनं येतात. एडीएचडीत लक्ष नसतं असं नाही, त्याचा लगाम हाती नसतो. गाडीचं इंजिन खोलून चार तास बसणारा मुलगा तीस तारखेच्या सबमिशनला एकोणतीसच्या रात्री जागा होतो. त्याला "नीट लक्ष दे" सांगून काही होत नाही. कामाचे तुकडे पाडून प्रत्येकाला जवळची तारीख दिली की होतं.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे (डिस्लेक्सिया त्यातच येतो), एडीएचडी मात्र स्वतंत्रपणे नाही. प्रमाणपत्र असेल तर लेखी परीक्षेत तासाला 20 मिनिटं जादा मिळू शकतात. ही मेहेरबानी नव्हे. 2021 च्या 'नीट'मध्ये डिसग्राफिया, म्हणजे लिहिण्याची अडचण, असलेल्या एका विद्यार्थिनीला हा वेळ नाकारला गेला. सर्वोच्च न्यायालयानं तिच्यावर अन्याय झाल्याचं मान्य केलं, फेरपरीक्षा काही दिली नाही.

आमचा पठ्ठ्या आता मेढ्याच्या एसटीत इअरफोन लावून मोबाइलकडून धडा वाचून घेतो. स्पेलिंगं अजून तीनच आहेत.