चार्जिंग होत नाही? नवा बॅटरी सेट घेण्याआधी हे तपासा

बागेचा इलेक्ट्रिक ट्रॅक्टर वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

"रात्रभर चार्जिंगला लावला होता, तरी सकाळी अर्ध्या बागेत बसला." अशी तक्रार आली की ग्राहकाने बहुतेक वेळा मनाशी ठरवलेलंच असतं, चार्जर गेला किंवा सगळ्या बॅटऱ्या गेल्या. दोन्ही खर्चिक. आधी व्होल्टेज मोजायचा एक साधा मल्टिमीटर हातात घ्या.

खालची माहिती पाणी घालायच्या लेड-ॲसिड बॅटऱ्यांची आहे. उदाहरण ३६ व्होल्टच्या ट्रॅक्टरचं घेतलंय, म्हणजे ६ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या एकापुढे एक सिरीजमध्ये. लिथियम पॅक असेल तर तो उघडू नका, सरळ आम्हाला कळवा.

सहा बॅटऱ्या, सहा आकडे

चार्जिंग संपल्यावर ट्रॅक्टर काही तास तसाच राहू द्या. चार्जरवरून काढल्या काढल्या घेतलेलं रीडिंग फसवं असतं. मग प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा आणि आकडे लिहून काढा. भरलेली ६ व्होल्टची बॅटरी ६.३ ते ६.४ दाखवते. सगळ्यांचे आकडे सारखेच पण कमी असतील, तर चार्जिंग पुरेसं होत नाहीये. पाच ठीक आणि एकच मागे असेल, तर दुखणं त्या एकीचं. ती ४.२ च्या आसपास अडकली असेल तर तिचा एक सेल आतून शॉर्ट झालाय, कारण ६ व्होल्टच्या बॅटरीत तीन सेल असतात आणि एक सेल साधारण २.१ व्होल्टचा असतो. सिरीजमध्ये करंट सगळ्यांमधून एकच वाहतो, त्यामुळे एक कमजोर बॅटरी बाकी पाचांनाही खाली ओढते.

हायड्रोमीटर, म्हणजे सेलमधल्या ॲसिडची घनता मोजायचं साधन, असेल तर आणखी बरं. भरलेल्या सेलमध्ये घनता १.२६५ ते १.२८० असते. एका सेलचा आकडा बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने कमी असेल तर तो सेल संपत आलाय.

हिरव्या दिव्यावर जाऊ नका

रिकामी बॅटरी लावली आणि अर्ध्या तासात चार्जरचा हिरवा दिवा लागला, तर खूश होऊ नका. बॅटरी महिनोन् महिने उतरलेली पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं. मग व्होल्टेज झरकन चढतं, चार्जरला वाटतं काम झालं, आणि आत मात्र फारसं काही साठलेलंच नसतं. हंगाम संपल्यावर ट्रॅक्टर कोपऱ्यात ढकलून विसरला की हेच होतं.

उलटही घडतं. पॅक, म्हणजे सहाही बॅटऱ्या मिळून, फारच उतरला तर स्मार्ट चार्जर त्याला ओळखत नाही आणि चार्जिंग सुरूच करत नाही. असे अनेक चार्जर बॅटरी जोडल्याशिवाय व्होल्टेज सोडत नाहीत. म्हणून मोकळ्या वायरींना मीटर लावून शून्य दिसलं की चार्जर भंगारात टाकू नका. तो बॅटरीला जोडून पॅकचं एकूण व्होल्टेज बघा. चार्जिंग चालू असताना ते हळूहळू चढत ४३-४४ पर्यंत गेलं पाहिजे. जागचं हललंच नाही, तर फ्यूज, प्लग आणि वायर बघा.

टर्मिनल

आमच्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. टर्मिनलवर पांढरी-हिरवट बुरशी दिसते का? चार्जिंग बंद केल्या केल्या एखादं टर्मिनल बाकीच्यांपेक्षा गरम लागतं का? तो जोड सैल किंवा गंजलेला आहे. चार्जर काढा, जोड सोडवा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने घासा, कोरडा करून घट्ट आवळा आणि वर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या. सोड्याचं पाणी सेलमध्ये जाता कामा नये, झाकणं लावलेलीच असू द्या. पाना धातूचा असेल तर त्याच्या दांड्यावर टेप गुंडाळा. दोन टर्मिनलांना तो एकदम टेकला तर ठिणगी नाही, भडका उडतो.

पाणी

डिस्टिल्डच, आणि चार्जिंग झाल्यावर. आधी भरलंत तर गॅस सुटताना ते उतू जातं. मात्र प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील एवढंच आधी घाला. वरून ॲसिड कधीही घालू नका. चष्मा आणि हातमोजे घाला. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन सुटतो, तेव्हा खोलीची दारं-खिडक्या उघडी हवीत आणि जवळ विडी-काडी नको.

एकच बॅटरी बदलायची की सगळ्या?

सेट नवा असेल तर एक बदलून भागतं. जुन्या सेटमध्ये एक नवी घातली तर तीही लवकर जुन्यांच्या रांगेत जाऊन बसते. अशा वेळी पूर्ण सेटच घ्या, असं आम्ही सांगतो.

बॅटरी हाताला चटका बसेल इतकी तापली, फुगली किंवा तिला सडक्या अंड्यासारखा वास आला तर चार्जर भिंतीच्या स्विचवरूनच बंद करा आणि आम्हाला फोन करा. बाकी तक्रारींसाठी फोन करताना ते सहा आकडे आणि हिरवा दिवा लागायला किती वेळ लागला, हे जवळ ठेवा.